गळ्यातलं ‘ते’

सर्वप्रथम एक गळा घ्यावा. स्वतःचा असल्यास उत्तम. केसाने दुसऱ्याचा गळा कापणारे लोक पनवेलमध्येही आहेत, पण त्यांना या मार्गदर्शिकेची गरज नाही. त्यांचा हात आधीच बसलेला आहे.

गळ्याखेरीज लागणारं साहित्य असं : 44 इंची पन्ह्याचं सुती कापड दोन मीटर, रात्रभर पाण्यात आटवून वाळवलेलं, मोजपट्टी, खडू, कात्री, टाचण्या, थोडं अस्तर, आणि एक मास्टर. मास्टर म्हणजे शिवणारे. शाळेतले मास्तर वेगळे. मी तीस वर्षं चित्रकलेचा मास्तर होतो, त्यामुळे दोघांतला फरक छातीठोकपणे सांगू शकतो. माझं पोरं ऐकत नसत, मास्टरांचं कापडसुद्धा ऐकतं.

हा उपद्व्याप माझ्या डोक्यातून निघालेला नाही. भाची पुण्याला डिझाइनचं शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे जुन्या पनवेलला आली ती एक प्रकल्प घेऊन : गळ्यात घालायचं असं आधुनिक वस्त्र तयार करा, जे बाई, पुरुष किंवा यांपैकी कुठल्याच रकान्यात न बसणारं माणूस, कुणीही घालू शकेल. मी म्हटलं, योग्य गावी आलीस. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र मुंबईत नाही, खारघरला आहे. आणि खारघर 2016 पासून पनवेल महापालिकेत आहे. म्हणजे मुंबईची फॅशन कागदोपत्री पनवेलला ठरते. ही बातमी पनवेलकरांपर्यंत अजून पोचलेली नाही. आम्ही लग्नाचे कपडे घ्यायला अजून दादरलाच जातो.

पायरी पहिली : लिंग ठरवावे

हे ऐकून भाची दचकली. “मामा, लिंग नसलेलंच तर करायचंय!”

तिला समजावलं की मराठीत ती सोय नाही. नाम आलं की लिंग आलं. पण एक आहे, आपल्याकडे लिंगं तीन आहेत आणि तिसरं दुसरीच्या पोरालाही चालवता येतं. तेव्हा कापड फाडण्याआधी वस्तूंची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे तो, ती, ते लिहावं. मला फळ्याची सवय, म्हणून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ती केली.

पुरुषांच्या गळ्यात काय असतं? चेन, ती. कंठी, ती. तुळशीची माळ, ती. सत्कारात मिळते ती शाल, ती. बायकांच्या गळ्यात? हार, तो. कोल्हापुरी साज, तो. तन्मणी, तो. लफ्फा, तो. आणि ज्याच्यावरून घराण्याची अब्रू मोजतात तो पदर, तोही तो. म्हणजे भाषेने पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या गळ्यात स्त्रीलिंग आणि बायकांच्या गळ्यात पुल्लिंग अडकवलं आहे आणि कुणाची तक्रार नाही. (ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, चिंचपेटी हे शब्द मलाही येतात. सिद्धांत मांडताना आडवी येणारी उदाहरणं हळूच बाजूला सारावीत, हे नवशिक्याने जितक्या लवकर शिकावं तितकं बरं.)

उरलं नपुंसकलिंग. उपरणं, ते! भाचीने टाळी दिली. मी उत्साहाने यादी वाढवली : मंगळसूत्र, ते. डोरलं, ते. मग जरा जागा सोडून : दावं, ते. लोढणं, ते.

बहीण चहा घेऊन आली, यादीवर नजर टाकली आणि म्हणाली, “दादा, मध्ये जागा कशाला सोडलीस?”

लोढणं हल्लीच्या मुलांना पाहायला मिळत नाही, म्हणून सांगतो. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवत. धावलं की तो पायांवर आपटायचा. गाय असो, बैल असो, रेडा असो, ओंडका तोच. मराठी मुलखात गळ्यात घालायची पहिली लिंगनिरपेक्ष वस्तू ही असावी, असं माझं मत झालं आहे.

टायला आपल्याकडे कुणा खोडकराने कंठलंगोट असा शब्द काढला. शब्द झकास आहे, पण लंगोट आल्यावर निरपेक्षता कसली? बाद. तशी टाय ‘घातला’ की ‘घातली’ यावर आमच्या घरात एकमत नाही. माझे वडील घातला म्हणत, बहीण घातली म्हणते, आणि टाय आमच्या घरात आहे एकच.

पायरी दुसरी : आधीपासून काय आहे ते पाहून घ्यावे

सगळं आपणच पहिल्यांदा करतो आहोत असं डिझाइनच्या विद्यार्थ्यांना वाटतं. कवींनाही वाटतं. म्हणून गावात एक फेरी मारावी.

टायपासून सुरू करू. सतराव्या शतकात क्रोएशियाचे भाडोत्री सैनिक फ्रान्समध्ये लढायला आले, त्यांच्या गळ्यात रुमालाची गाठ होती. पॅरिसच्या शौकिनांना ती आवडली आणि क्रोएटवरून क्रॅव्हाट हा शब्द झाला. पुढे त्याचीच सुरळी होत होत टाय झाला. म्हणजे मूळ वस्तू लढणाऱ्यांची; ती आज विमा विकणाऱ्यांकडे आली आहे. पनवेलच्या हवेत टाय घालणं हा मात्र तिसराच पराक्रम. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पाऊस नसेल तेव्हा खाडीकडून येणारा दमटपणा. इथे कॉलरचं वरचं बटण लावणारा माणूस एक तर मुलाखतीला चाललेला असतो किंवा स्वतःच्या लग्नाला.

पण इलॅस्टिकचा टाय विसरू नये. गाठ आधीच बांधलेली, मागे हुक. सकाळी सातला रिक्षात कोंबलेली पोरं पाहा, मुलाच्या आणि मुलीच्या गळ्यात तोच पट्ट्यापट्ट्यांचा टाय. मुलीला स्कर्ट, मुलाला चड्डी, पण गळा सारखा. दहावी झाली की मुलीचा टाय सुटतो तो बहुधा कायमचा, मुलाचा पहिल्या नोकरीत परत येतो. मधल्या काळात तो आजीकडे मच्छरदाणी बांधायला असतो.

दुसरी वस्तू सकाळी पनवेल स्टेशनवर पाहावी. ठाण्याच्या गाडीला रबाळे, ऐरोलीकडे जाणारी जी पोरंपोरी उभी असतात, त्यांच्या गळ्यात ओळखपत्राची चपटी दोरी असते. आधुनिक म्हणाल तर याहून आधुनिक काही नाही, आणि भेदभाव तर मुळीच नाही. रंग कंपनीचा, नाव कंपनीचं, फोटोतला चेहरा तेवढा आपला, तोही ओळखू येत नाही. तरी भाचीच्या नजरेला फरक दिसला. मुलं ते कार्ड शर्टाच्या खिशात सारून मोकळी होतात. मुलींच्या कुर्त्याला खिसाच नाही, त्यामुळे त्यांचं कार्ड दिवसभर लोंबतं, टेबलावर आपटतं, डब्यातल्या आमटीत बुडतं. भेद गळ्यात नसून खिशात आहे, असं तिने वहीत लिहिलं. मी त्याखाली लाल शाईने ‘उत्तम’ लिहिलं. जुनी सवय.

तिसरी वस्तू न्यायालयात. वकिलांच्या गळ्याशी पांढऱ्या कापडाच्या दोन पाकळ्या असतात, त्यांना बँड म्हणतात. वकील पुरुष असो वा बाई, पाकळ्या त्याच. 2020 च्या मे महिन्यात, करोनाच्या दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना काळा कोट आणि गाऊन माफ केला. पांढरा शर्ट, पांढरी साडी किंवा पांढरा सलवार-कमीज चालेल म्हणाले, मात्र बँड हवाच. अंगावरचं सगळं उतरवलं तरी चालेल, गळ्यातलं नको! भाची यावर फार खूश झाली. तिला वाटलं, सापडलं. मग तिला कॉर्नेलिया सोराबजींची हकिकत सांगितली. 1866 मध्ये नाशिकला जन्मलेली ही बाई 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा पास झाली आणि हिंदुस्थानात वकिलीचं दार बायकांना उघडलं ते 1923 च्या कायद्याने. एकतीस वर्षं! बँड बिचारा तेव्हाही तटस्थच होता. तो घालायला कुठला गळा चालेल, हे ठरवणारे तटस्थ नव्हते.

चौथी वस्तू तुळशीची माळ. इथे मी भाचीला म्हटलं, वही मिट आणि हात जोड, तुझा प्रकल्प कित्येक शतकांपूर्वी पूर्ण झालेला आहे. वारीला जाणाऱ्या कुठल्याही दिंडीत पाहा. बापाच्या गळ्यात जी माळ तीच लेकीच्या, सुनेच्या, कीर्तनकाराच्या आणि तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या म्हातारीच्या. लहान-मोठं माप नाही, बायकी-पुरुषी घडण नाही, उजवं-डावं नाही. किंमत कुणालाही परवडणारी. पण या मार्गदर्शिकेत मी ती सुचवू शकत नाही, कारण पनवेल हे आगरी-कोळ्यांचं गाव आहे. माळ घातली की मासळी बंद. माळ बाई आणि पुरुष यांच्यात भेद करत नाही, पण पापलेट आणि पडवळ यांच्यात करते. आमच्या आळीतले एक माळकरी आजोबा बाजारातून जाताना मासळीच्या बाजूला बघत नाहीत. बघत नाहीत, पण चाल मंदावते.

पाचवी वस्तू राजकीय उपरणं, आणि इथे जरा थांबायला हवं. साधारण सहा फूट लांब, वीतभर रुंद, सॅटिनसारखं चकचकीत, दोन्ही टोकांना चिन्ह. पूर्वी उपरणं हे धोतराचं जोडीदार होतं, त्यामुळे ते पुरुषाचंच. पूजेला बसलेला यजमान, कीर्तनकार, लोकमान्यांचा पुतळा, एवढ्यांच्याच खांद्यावर ते दिसायचं. ते बाईच्या गळ्यात गेलं ते कुठल्या सुधारकामुळे नाही, आरक्षणामुळे. पनवेल महापालिकेची पहिली निवडणूक 2017 च्या मे महिन्यात झाली. जागा 78, त्यातल्या निम्म्या बायकांना राखीव, म्हणजे 39. पक्षांची दोन प्रकारची उपरणी छापायची तयारी नव्हती. झालं! साडीवर उपरणं, नऊवारीवर उपरणं, सलवार-कमीजच्या ओढणीवर आणखी एक उपरणं. स्त्रीपुरुष समतेसाठी शंभर वर्षं भाषणं झाली आणि शेवटी काम केलं ते छपाईच्या घाऊक दराने.

उपरण्याचं खरं वैशिष्ट्य दुसरं. ते स्वतःच्या हाताने घालायचं नसतं. पक्षप्रवेशाचा फोटो आठवा. एक नेता उपरणं गळ्यात घालतो आहे, ज्याच्या गळ्यात पडतं आहे तो मान किंचित झुकवून उभा आहे, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघताहेत. मास्टरांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच धंद्याची गोष्ट काढली. “सर, दोन्ही बाजूंनी दोन रंग लावून शिवू का? उलटलं की दुसरा पक्ष. बारमाही खपेल.” तांत्रिक अडचण काहीच नव्हती, अस्तराचा खर्चही वाचत होता. पण भाचीला त्यावर गुण मिळाले नसते.

पायरी तिसरी

हिच्यात संकल्पना, प्रेरणा आणि रंगछटांचा तक्ता होता. मास्टरांनी पूर्ण वाचली आणि खडूने खोडली.

पायरी चौथी : गळा वाचावा

माप घेण्याआधी गळा वाचायला शिकावं, कारण लोक तेच करतात. चेहऱ्याकडे बघायच्या आधी गळ्याकडे बघतात. काळे मणी आहेत का, बघतात. चेन किती तोळ्यांची, तेही बघतात. क्रूस, ताईत, निळा गमछा, भगवं उपरणं असं सगळं वाचून झालं की मग विचारतात, “काय, कसं काय?”

पनवेलवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्याने खाली गेलं की महाड लागतं. 1927 च्या मार्चमध्ये तिथल्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर पाण्यासाठी गेले, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते पुन्हा महाडला आले आणि जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले. लुगडं कसं नेसता, गळ्यात गळसऱ्यांचा ढीग किती, हातात कोपरापर्यंत कथलाचे दागिने का, यावरून लोक तुमची जात ओळखतात. ती खूण टाकून द्या, असा त्या बोलण्याचा रोख होता. बायकांनी ते मनावर घेतलं. मी चित्रकला शिकवताना मुलांना नेहमी सांगायचो की माणूस काढायचा तर आधी मान नीट काढा, तिथेच सगळं फसतं. महाडचं भाषण वाचलं तेव्हा कळलं की मी फक्त रेषेपुरतं बोलत होतो.

बाबासाहेब स्वतः टाय घालत. त्या टायवर टीका करणारेही होते, खेड्यातल्या माणसाला हा साहेबी थाट कशाला म्हणणारे. पण ज्याच्या समाजाच्या गळ्यात काय असावं हे कायम दुसऱ्यांनीच ठरवलं, त्याने आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हाताने गाठ मारणं ही शौकाची बाब नाही. भाचीने इथे पेन खाली ठेवलं. मीही जरा वेळ काही बोललो नाही. नवशिक्याने इथे चहा घ्यावा.

त्याच 1927 च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या नीस गावी इसाडोरा डंकन ही नर्तकी उघड्या मोटारीत बसली. गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ वाऱ्यावर उडत होता, तो चाकात गुंतला आणि ती गेली. आपल्याकडे स्कूटरवर मागे बसलेल्या मुलीला अनोळखी माणूस सिग्नलला ओरडून सांगतो, “ताई, ओढणी!” एवढ्या एका बाबतीत पनवेलचा रस्ता नीसहून सुसंस्कृत आहे. डिझाइनचा नियम असा की बसल्यावर टोक मांडीच्या खाली जाता कामा नये.

पायरी पाचवी : माप, कापड, रंग

गळ्याभोवती पट्टी धरून तिच्या आत दोन बोटं घालावीत. बोटं शिंप्याची. माझा गळा साडेपंधरा इंच, भाचीचा साडेबारा, बहिणीने मोजू दिला नाही. तिघांनाही चालायचं म्हणजे गळ्याला घट्ट बसणारं सगळं बाद. बटणही बाद, कारण बटणातच राजकारण आहे. पुरुषांच्या शर्टाला बटणं उजव्या अंगाला असतात, बायकांच्या डाव्या. का, याच्या दंतकथा पुष्कळ आहेत. मास्टरांची भूमिका मात्र साधी : “उलटं लावलं तर गिऱ्हाईक परत आणतं.”

कापड उरेब कापायचं की सरळ, यावर मास्टरांचं आणि माझं वाजलं. उरेब म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकस, पंचेचाळीस अंशांत. असं कापलेलं कापड ताण दिला की लवतं आणि सोडलं की जाग्यावर येतं. आजचा टाय गाठ सोडल्यावर सुरकुतत नाही तो याच युक्तीमुळे. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या टायवाल्याने कापड उरेब कापून तीन तुकडे जोडायची पद्धत बसवली आणि जगभर तीच चालते. मी हे सगळं मास्टरांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “सर, उरेब कापलं की निम्मं कापड चिंध्यांत जातं. त्या चिंध्या कोण घालणार, बाई का पुरुष?” सरळ कापलं.

रंगाला दोन दिवस गेले. गुलाबी-निळा पहिल्या फटक्यात उडाले. भगवा, हिरवा, निळा, लाल यांना धनी आहेत. आणि रायगडात लाल म्हटलं की शेकाप, माणूस विचारतो किती सालापासून? पिवळा घातला तर खंडोबाचा भंडारा. पांढऱ्या खादीला आता कुणी गांधीवादी समजत नाही, ठेकेदार समजतात. काळा म्हणजे निषेध. शेवटी जो रंग कुठल्याच पक्षाने, देवाने, संघटनेने घेतलेला नाही तो मिळाला : चिंचोक्याचा. दुकानदार म्हणाला, हा ताग्यात चार वर्षं पडून आहे, पाहिजे तर सगळाच घ्या.

मग खिसे. भाचीच्या वहीतलं ते वाक्य मास्टरांनाही पटलं होतं. त्यांच्याकडे येणारी प्रत्येक मुलगी हल्ली कुर्त्याला खिसा लावायला सांगते आणि प्रत्येक आई बारीक आवाजात तो नको म्हणून सांगते. ठरलं असं : सव्वापाच फूट लांब, सहा इंच रुंद, दुहेरी कापडाची सरळ पट्टी, गाठ नाही, हुक नाही, बटण नाही, दोन्ही टोकांना आतून एकेक खिसा. एका खिशात फोन, दुसऱ्यात पास, किल्ल्या, सुटे पैसे. आपलं आपण घालायचं, आपलं आपण काढायचं.

पायरी सहावी : चाचणी

पनवेलहून सुटणाऱ्या लोकलमध्ये पनवेलकरांना बसायला मिळतं. आयुष्यात मिळालेले थोडेच विशेषाधिकार आहेत, त्यातला हा एक. सीएसएमटीपर्यंतचा सव्वा-दीड तासाचा प्रवास चाचणीला पुरेसा होतो. शिवाय गाडीला डबेही दोन प्रकारचे. भाची बायकांच्या डब्यात चढली, मी साध्यात. दोघांच्या गळ्यात तेच चिंचोकी.

माझ्याकडे खांदेश्वरपर्यंत कुणी पाहिलं नाही. मानसरोवरला समोरच्याने विचारलं, “कुठल्या पक्षाचं, काका?” मी म्हटलं, कुठल्याच नाही. त्याने समजूतदारपणे मान हलवली. “म्हणजे अजून बोलणी चालू आहेत.” बेलापूरला आणखी एकाने विचारलं, कुठे सत्कार होता का. वाशीला एकाने विचारलं, मान दुखते का. आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच्या मणक्याबद्दल मानखुर्दपर्यंत सांगितलं. पुरुषाच्या गळ्यात कापड दिसलं की त्याला कारण लागतं. राजकारण, सन्मान किंवा आजार, यांपलीकडे चौथं कारण डब्यात कुणाला सुचलं नाही. सवाई माधवरावांची चित्रं याच महाराष्ट्रात रंगवली गेली, मोत्यांनी मढलेला तो पोरगा पाहून कुणी मानेचं दुखणं विचारलं नसेल. काही वर्षांपूर्वी एका नवरदेवाने लग्नात बायकोबरोबर स्वतःही मंगळसूत्र घातलं, त्याचा फोटो देशभर फिरला. लोकांनी त्याला जे प्रश्न विचारले त्यांच्या मानाने मी स्वस्तात सुटलो.

बायकांच्या डब्यात वेगळंच घडलं. पहिला प्रश्न, कुठून घेतलं. दुसरा, केवढ्याला. तिसरा, खिसा आहे? भाचीने टोक उलटून दाखवलं आणि डब्यात एकच कालवा झाला. कानातली विकणाऱ्या मावशींनी पट्टी हातात घेऊन शिवण तपासली, शंभरात देतेस का विचारलं, रोज वीस खपवीन म्हणाल्या. एकीने आत मोबाइल घालून पाहिला, एकीने नेलकटर, एकीने सोललेला लसूण. हा चाचणीचा भाग नव्हता, पण लसूण बसला.

दोष उतरताना कळला. फोन एका टोकाला, दुसरं टोक रिकामं; उभी राहिल्याबरोबर पट्टी गळ्यावरून सरकन घसरली. म्हणजे तोल हवा. परतीच्या गाडीत भाचीने दुसऱ्या खिशात पाण्याची छोटी बाटली घातली. तोल साधला, पण मान पुढे आली. माझ्या पट्टीत फोन, चष्म्याची केस, किल्ल्या आणि पनवेलला उतरल्यावर बहिणीने फोन करून सांगितलेलं अर्धा किलो आलं, असं सगळं गेलं होतं. श्रावणबाळाची कावड गळ्यात घालून मी टपाल नाक्यापर्यंत आलो. चालताना दोन्ही टोकं मांड्यांवर आपटत होती. हे आपण कुठे तरी वाचलं आहे असं सारखं वाटत होतं, मग कॅलेंडरमागची यादी आठवली.

“चार इंच कमी करू,” मास्टर म्हणाले, “आणि खिसे लहान. एवढंच बसेल.” त्यांनी पट्टी स्वतःच्या गळ्यात घातली, आरशात पाहिलं, एका टोकाने घाम पुसला, दुसऱ्या खिशात खडू ठेवला, आणि मशीनवर बसले ते तसेच. अर्ध्या तासाने त्यांना आठवलं की ती आपली नव्हे.

पायरी सातवी : पावती

मास्टरांच्या पावतीबुकात रकाने तीन आहेत. जेंट्स, लेडीज, किरकोळ. सर्वोच्च न्यायालयाने तिसरं लिंग 2014 मध्ये मान्य केलं, पण मास्टरांचं पावतीबुक त्याआधीचं आहे आणि अजून संपलेलं नाही. त्यांनी पेन जेंट्सवर नेलं, भाचीकडे पाहिलं. लेडीजवर नेलं, माझ्याकडे पाहिलं. मग किरकोळमध्ये, उशीचे अभ्रे चार आणि पडदा एक यांच्या खाली, लिहिलं : गळ्यातलं ते, नग दोन.

दर अभ्र्याचाच लावला.